धाग्याची गोळी

चेऊलकर मास्तरांनी पहिल्या दिवशी मला शिवायला नाही शिकवलं.
थुंकायला शिकवलं.

करी रोडच्या पुलाखाली दुकान, सात बाय नऊ.
ठाकूरद्वारच्या कुणा नवरीचा मोतिया रेशमी ब्लाउज मांडीवर,
मी गळ्याला हातशिलाई घालत होते
आणि सुई उलटी बोटात गेली.
ठिपका केवढा, तर मोहरीएवढा.
पण मोतिया रंगावर मोहरीसुद्धा ओरडते.

मी नळाकडे धावले. मास्तर म्हणाले, बस खाली.
पांढरा सुती धागा तोड वीतभर,
चाव, गोळी कर,
आणि टीप. घासायचं नाही, टिपायचं.
ज्याचं रक्त त्याचीच थुंकी.
माझी नाही चालणार, गिऱ्हाइकाची नाही, देवाचीपण नाही.

गोळी गुलाबी झाली. ब्लाउज मोतिया राहिला.
नवरीला काय पत्ता,
लग्नात तिने माझी थुंकी मिरवली.

मग कळत गेलं, रक्ताला ऊन पाणी दाखवू नये.
ते शिजतं, अंड्यासारखं,
आणि एकदा शिजलं की कापडाचंच होतं,
माणसाचं राहत नाही.
थंड पाणी, मूठभर खडेमीठ, आणि थांबायचं.
आईला हे कधीचं ठाऊक होतं.
चाळीच्या मोरीत, पहाटे चारला, कुणी उठायच्या आत.
तोंडाने मात्र कधी बोलली नाही,
मी तेरा वर्षांची झाले तेव्हा
बादली तेवढी पायाने पुढे सरकवली.

गोपाळकाल्याला प्रणित सहाव्या थरावरून खाली आला.
माझा धाकटा. दहावी नापास, अंगाने काडी,
म्हणून वर चढवायचे.

वॉर्डबॉयने टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत दिला,
पावभाजीचं पार्सल द्यावं तसा.
कात्रीने मधोमध कापलेला,
पाठीवर साहेबांचा हसरा फोटो, खाली शुभेच्छुक.
डोक्याचे टाके मी मोजले. सतरा.
डॉक्टरांचा हात चांगला होता, अंतर सारखं.
अशा वेळी असलं काही बघू नये, पण डोळे कुठे ऐकतात.

रात्री मोरीत बसले. पाणी चार वेळा बदललं.
साहेबांचे दात पांढरे झाले.
गळपट्टीला मात्र ते घट्ट बसलं होतं, काळपट,
मीठ संपलं तरी हलेना.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत
मी पर्समधून धागा काढला.
सिस्टरची पाठ वळली तेव्हा
त्याच्या ओठांतून आत सरकवला, जिभेखाली.
शुद्ध नव्हती त्याला. जीभ कोरडी, खरखरीत,
पॉपलिन पहिल्यांदा धुण्याआधी असतं तशी.
मी थांबले. बाजूच्या खाटेवरची बाई
मला काय समजली असेल कोण जाणे. गंडादोरा समजली असेल.
किती वेळाने तरी धागा ओलसर झाला.

डबीत घालून घरी आणला.
गळपट्टीवर टेकवला.
मास्तर, तुम्ही मोहरीएवढ्याचं सांगितलं होतंत.
एवढ्याला किती थुंकी लागते, ते सांगितलं नव्हतं.

प्रणित आला घरी, बाविसाव्या दिवशी.
डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून सगळ्यांशी ओरडून बोलतो,
आणि टीव्ही मोठा लावला म्हणून आईशी भांडतो.
टी-शर्ट मी मधून शिवून दिला,
शिवण साहेबांच्या नाकावरून जाते.
तो घालून दूध आणायला जातो.
गळपट्टीवर पिवळट एक कड राहिली आहे,
माहीत असलेल्यालाच दिसते.

काल दुकानात परत सुई गेली बोटात.
धागा तोडला, तोंडात धरला,
आणि उगीचच जरा वेळ
तोंडात पाणी सुटतंय का, ते बघत बसले.
मास्तर म्हणाले, टीप ना गं. सुकेल.